दुसरा ब्रेक

मास्तरांना ठसका लागला आणि लेक पाण्याचा ग्लास घेऊन धावली.

"ठेव तो खाली," आई म्हणाली. "पाणी दिलंस तर तेही चुकीच्याच वाटेनं जाईल."

चहाचा घोट होता. तोही साधा नाही, गिळताना श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून पूड घालून खळीसारखा घट्ट केलेला, चमच्यानं भरवलेला. पण घशाचे स्नायूच दुबळे झाल्यावर चहा बिचारा काय करणार? मोटर न्यूरॉनच्या आजारानं मास्तरांचं आधी बोलणं नेलं, मग गिळणं. हातपाय तेवढे अजून शाबूत होते.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा. शिकणारा चुकला की मास्तरांचा उजवा पाय खाली गेलाच. उभ्या जन्माची सवय ती. घरच्या गाडीत असला काही ब्रेक नव्हता, तरी बायको चालवायला बसली की शेजारी त्यांचा पाय नुसती चटई दाबत राहायचा. दुसरं कुणी चालवत असताना मास्तर पायावर पाय टाकून निवांत बसलेत, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. "अहो, तुमचा तो पाय बघितला की माझं अवसानच जातं," असं म्हणून तिनं एक दिवस चावी टेबलावर ठेवली, ती ठेवलीच.

मागच्या ठसक्यालाही तो पाय असाच जमीन दाबत होता. आणि तिचं अवसान गेलंच. तिनं पाणी पाजलं, पाठीत धपाटे घातले, आणि शेवटी त्यांना एकटं टाकून शेजाऱ्यांना हाका मारत जिना उतरली. निभावलं, पण लेकीच्या कानावर गेलं. आज ती एका शुश्रूषागृहात बाबांसाठी खोली बघूनच आली होती. "आई, तुझ्या मायेला कोण नाव ठेवतंय? पण तू घाबरतेस गं." खोटं काय होतं त्यात? मास्तरांना विचारलं, तर बोलणं गेल्यापासून जवळ असलेल्या पाटीवर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. खिडकीबाहेर बघत बसले. त्या खोलीत एकच पलंग होता, एवढंच आईच्या कानात राहिलं होतं.

आता तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसली. खांद्याला धरून त्यांना जरा पुढं वाकवलं, हनुवटी खाली घेतली. मागच्या फजितीनंतर ती स्वतःहून दवाखान्यात जाऊन हे शिकून आली होती. खोकू द्यायचं. खोकल्याचा आवाज येतोय म्हणजे हवा जातेय. आपण घाबरलो की तेही घाबरतात, आणि गळा आणखी आवळतो.

मास्तर लालबुंद झाले. श्वास आत घेताना घशातून शिट्टी वाजू लागली.

"आई, अगं काहीतरी कर ना!"

"करतेय." तिनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "अहो, माझ्याकडं बघा. नाकानं घ्या श्वास. सावकाश. तुम्हीच सांगायचात ना सगळ्यांना? चौकात गाडी बंद पडली म्हणून जग बुडत नाही. मागच्याला वाजवू दे हॉर्न."

मागं लेक हमसून हमसून रडत होती. हॉर्नच तो.

आईनं नाकानं श्वास घेतला, हळू सोडला. पुन्हा घेतला. मास्तर तिच्याबरोबर श्वास घेऊ लागले. शिट्टी बारीक झाली. मग एक मोठा खोकला आला आणि घोट बाहेर पडला. तिनं रुमालानं त्यांचं तोंड पुसलं. पुढचा श्वास बिनआवाजाचा होता, त्याच्या पुढचाही.

"झालं," ती म्हणाली. "निघाली गाडी."

लेक डोळे पुसत सांडलेला चहा टिपायला खाली बसली. आणि फडकं हातातच राहिलं.

"आई... बाबांचा उजवा पाय. एवढा ठसका लागला, पण तो हललाच नाही गं. इथंच होता, असाच. आता पायही गेला का?"

आईनं खाली बघितलं. पाय चपलेत सैल पडला होता.

"अहो," तिचा आवाज पहिल्यांदाच कापला, "पाय उचला बघू."

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. डोळे अजून ओले होते, पण त्यात जुना मिश्कीलपणा होता. त्यांनी उजवा पाय आरामात उचलला, डाव्या पायावर टाकला, आणि खुर्चीत मागे टेकून निवांत बसले.