चिवट आकडा

"फुटला का?" चहाचा कप दुकानातल्या गादीशेजारी टेकवत गुलाबबाईंनी विचारलं.

"नाही गं," पाटीवरून मान वर न करता फुलचंदशेठ म्हणाले. "लय चिवट आहे."

गुलाबबाईंनी हुश्श केलं. आजचा दिवस तर निभावला! पण उद्या परत तीच धाकधूक. जीव नुसता विटून गेला होता त्यांचा.

झालं होतं असं, की शहाद्यातल्या चातुर्मासात जैन मुनींचं व्याख्यान ऐकून शेठना भरून आलं. भर सभेत उठून दीक्षा घेतो म्हणाले. महाराजसाहेब म्हणाले, घाई कशाला? मग शेठनी नियम घेतला. दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट हा आकडा ज्या दिवशी दोन लहान आकड्यांच्या गुणाकारात फुटेल, त्या दिवशी घर सोडीन. शोधायचं पाटीवर, यंत्राला शिवायचं नाही. आकडाही त्यांनीच काढलेला. लोक धन्य धन्य म्हणाले. बायकोला कुणी विचारलं? छे!

तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की शेठ आणि पाटी. अंकांची बेरीज सतरा, म्हणजे तीननं भाग जात नाही. सातनं नाही, अकरानंही नाही. दीक्षेचं पांढरं कापड कपाटात घडी घालून तयार होतं. गुलाबबाई ते कपाट उघडायच्याच नाहीत.

तेवढ्यात ब्राह्मणपुरीच्या प्रमिलाबाई लग्नातल्या मानाच्या टोप्या घ्यायला आल्या. एकोणतीस टोप्या, एकतीसचा भाव.

"किती व्हयनात, शेठ?"

"नऊशेले एक कमी."

ही शेठची जुनी खुबी. एक आकडा तिसाच्या अलीकडचा, एक पलीकडचा; मग तीस तिसं नऊशे करायचे आणि एक काढून टाकायचा. नव्या नवरीला, म्हणजे गुलाबबाईंना, त्यांनी याच गादीवर बसवून ती शिकवली होती.

दुपारी लोणखेड्याच्या कॉलेजातून नात आली, जिनल. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या तिनं तो आकडा मोबाईलला विचारला.

"दादी, फुटतो की! दहा हजार सात गुणिले दहा हजार नऊ."

गुलाबबाईंच्या हातातलं लाटणं सुटलं.

"हळू बोल, बाई! दादाजींना कळलं तर आजच निघतील." "खरं सांग, त्यांना सापडायला अजून किती दिवस?"

"एकेका आकड्यानं भागत बसले तर लागतील पुष्कळ. पण तसा सोपाच आहे गं. दहा हजार आठचा वर्ग, त्यातून एक कमी. बस."

"नऊशेले एक कमी," गुलाबबाई पुटपुटल्या. मग उठल्या, कपाट उघडलं, आणि पांढरं कापड काखेत मारून दुकानात आल्या.

"फुटला का?"

"नाही गं. लय चिवट आहे."

"असू द्या. कात्री द्या जरा, उशांना याच्या खोळी शिवते."

शेठनी मान वर न करताच कात्री पुढे केली.