पिवळा चौकोन

रंगाऱ्याने करड्या रंगाचा डबा खाली ठेवला आणि पायाने जरा पुढे सरकवला.

"मिस्त्री, आटपा. तुम्ही बाहेर आलात की चौकोन पुसून टाक, असं साहेबांनी सांगितलंय."

मिस्त्री हलला नाही. बस डेपोच्या मागच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीखाली आखलेल्या पिवळ्या चौकोनात तो एकटाच उभा होता, न पेटवलेली सिगारेट बोटांत धरून. ओढायची तर इथेच, असा डेपोचा नियम होता. एके काळी या चौकोनात पाय ठेवायला जागा नसायची; एकाचा धूर दुसऱ्याच्या नाकात आणि तिसऱ्याची थट्टा चौथ्याच्या जिवावर. मग पाकिटांवर सडक्या फुफ्फुसांची चित्रं आली, किमती चढल्या. कोणी सोडली, कोणी निवृत्त झालं, कोणी खोकत खोकत गेलं. शेवटी तो कायदा आला: अमुक सालानंतर जन्मलेल्यांना सिगारेट विकायची नाही, ते म्हातारे झाले तरी नाही. डेपोने त्याला आपली पुस्ती जोडली, की अशांनी चौकोनात पाऊलही टाकायचं नाही. नवी भरती सगळी त्या सालानंतरची. त्या पोरांवर सिगारेट सोडायची वेळच येणार नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला. चौकोनात उरला हा एक.

कायदा चांगला होता, हे मिस्त्रीलाही कबूल होतं. आपली मुलगी या वाटेला कधी जाणार नाही, याचा त्याला आनंदच होता. तरी आज त्याची नजर सारखी समोरच्या चार्जिंग शेडकडे जात होती. ती तिथेच कामाला होती. तिने यावं, दोन मिनिटं उभं राहावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते फार हवं होतं. घरी दोघं "जेवलीस का?" आणि "औषध घेतलंस का?" यापलीकडे बोलत नसत. भांडण नव्हतं काही. त्याला सुरुवातच करता येत नसे. बोलायला तो शिकला होता ते इथे, याच चौकोनात. घरात कसं बोलायचं ते त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

मुलगी आली. हातात मोजायची टेप आणि खडू. विजेवरच्या बसचं नवं चार्जिंग मशीन याच जागी बसणार होतं आणि माप घ्यायचं काम तिच्याकडे होतं. रेषेपाशी येऊन ती थबकली.

"बाबा, टेपचं टोक घे आणि भिंतीला लाव. मला आत येता येत नाही."

"आता पुसणारच आहेत. ये की."

"पुसल्यावर येईन."

रंगारी फिस्सकन हसला. मिस्त्रीने टोक भिंतीला लावलं. तिने आकडा वाचला, जमिनीवर खडूने खूण केली आणि टेप सर्रकन डबीत परत गेली. झालं काम. आता ही जाणार, हे मिस्त्रीला दिसत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"आजोबा पण इथंच उभे राहायचे ना?" वळता वळता तिनेच विचारलं.

"हो. तिथं, नळाजवळ."

"काय बोलायचे?"

"अण्णा? घरी तर मिठाची गुळणी धरलेली. इथं आले की मला म्हणायचे, 'काडी आहे का?' मी काडी ओढायचो. टाकीखाली हा असा वारा. मग ते माझ्या हाताभोवती दोन्ही हात धरायचे, आडोशाला. सिगारेट पेटली की बोलायला लागायचे. माझं लग्न इथं ठरलं. तुझं नावसुद्धा इथंच ठरलं."

"त्यांच्याकडे स्वतःची काडेपेटी नसायची?"

मिस्त्रीने बोटांतल्या सिगारेटकडे पाहिलं.

"ते गेल्यावर दवाखान्यातून त्यांचा कोट परत आला. आतल्या खिशात काडेपेटी होती. भरलेली. आणि मी जन्मभर म्हणत आलो, म्हातारा चिकट आहे."

रंगाऱ्याने ब्रश डब्यात बुडवून कडेला निथळत धरला. मुलीने टेप खिशात टाकली, खडूचे हात पँटला पुसले.

"काडी आहे का?" ती म्हणाली.

"तुला कशाला?"

"आहे का ते सांग."

मिस्त्रीने खिसा चाचपला. पहिली काडी वाऱ्याने लागलीच विझवली. दुसरी ओढली तेव्हा ती पाय रेषेबाहेरच ठेवून पुढे वाकली आणि तिने दोन्ही हात त्याच्या हाताभोवती धरले. हात तरुण होते, पण अंगठा आखूड आणि रुंद, थेट अण्णांचा. मिस्त्री त्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"अहो, सिगारेट खाली पडली की," रंगारी म्हणाला.

ती कोणी उचलली नाही. ज्योत आडोशात सरळ उभी राहिली आणि काडी हळूहळू बोटांपर्यंत जळत आली.

"हं," मुलगी म्हणाली, "आता बोल."