उशिरा पडणारा पाय

मयूरने वळण संपता संपता पाय दाबला आणि गाडी ताडकन पुढे सुटली. दोरीमागे उभी त्याची वहिनी, राखी, चमकली. वर्षभर ती हीच गाडी रॅलीत पळवत होती. तिच्या हातात ही अशी कधीच सुटली नव्हती.

तिच्या वेळी गाडी वळणातून बाहेर पडताना घुटमळायची. पाय दाबला की आधी विचार करायची, मग धावायची. तेवढ्यात पुढची गाडी धुरळ्यात दिसेनाशी व्हायची. राखीचा संशय पाइपवर होता. हवा दाबून इंजिनात कोंबणाऱ्या टर्बोकडून इंजिनकडे जाणारा मूळ पाइप काढून तिच्या नवऱ्याने, प्रफुल्लने, मनगटाएवढा जाड, चकचकीत पाइप बसवला होता. एवढी पोकळी हवेने भरेपर्यंत टर्बोचा जोर इंजिनला पोचणार कसा?

"जुना बारीक पाइप लावून बघू या ना," ती एकदा म्हणालीही होती.

"अंबडला गॅरेज माझं आहे का तुझं?" प्रफुल्ल हसला होता. "गाडीला काय धाड भरलीय? तुझा पाय उशिरा पडतो."

राखीने ते खरं मानलं. बिचारी पोळ्या लाटतानासुद्धा ओट्याखाली पाय दाबायचा सराव करायची. तरी दर रॅलीत मागेच. आणि दर वेळी तिच्याभोवती ही गर्दी! नाशिकची बाई गाडी पळवते म्हणून पोरं फोटो काढायची, प्रफुल्ल बॉनेट उघडून तो जाड पाइप दाखवायचा. दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी पोरं तसाच पाइप बसवून घ्यायला गॅरेजच्या दारात हजर. राखीला वाटायचं, आपण हरलो तरी नवरा किती कौतुकाने मिरवतो.

आज पुण्याची एक टीम एकच चालक निवडणार होती. राखीने या दिवसाची वर्षभर वाट पाहिली होती. सकाळी प्रफुल्लने चावी स्वतःच्या धाकट्या भावाच्या, मयूरच्या हातात दिली. "तू राहू दे. उगाच संधी वाया जायची." ती दोरीमागे जाऊन उभी राहिली. पाय आपलाच चुकार, भांडायचं कोणत्या तोंडाने?

मयूर पहिला आला. टीमच्या माणसाने तिथेच त्याची पाठ थोपटली, निवड पक्की झाली. सगळे त्याच्याकडे धावले. राखी मात्र तडक गाडीकडे गेली आणि तिने बॉनेट उचललं. आत बारीक पाइप होता. जुना, काळा, गाडीबरोबर आलेला.

तिला रडू आलं नाही. संताप आला. प्रफुल्ल पेढ्यांचा पुडा घेऊन येतच होता.

"हा कधी बदललास?"

"काल."

"मग माझ्या वेळी का नाही? वर्षभर माझ्या पायाला नावं ठेवलीस!"

प्रफुल्लला तिचा राग खरोखरच कळला नाही.

"अगं, तू हरलीस तरी लोक जमतात, जाड पाइप खपतात. मयूरला जिंकावं लागतं."