मिसेस सुरवाडे

“इंग्लिश में बेन-बेन नहीं चलेगा,” जागृतीमॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘मिसेस’ लिहिलं. “भाषा आयी और कल्चर नहीं आया, तो फोन पर सामनेवाला हँसेगा. उन लोगों में सरनेम से मान देते हैं. आज सब अपना सरनेम बोलेंगे. खड़े होकर, हाथ मिलाकर, आँख में देखकर.”

सुवर्णाने आपल्या आधी किती बाक आहेत ते मोजले.

कतारगामच्या एका हिऱ्याच्या कारखान्याच्या वर ही इंग्लिशच्या क्लासची खोली होती. घरचं उरकून दुपारी बायका यायच्या आणि इथे जी ती कुणीतरी बेन असायची. सुवर्णाबेन, गायत्रीबेन. सुरतेची ही एक गोष्ट सुवर्णाला मनापासून आवडायची. नावापुढे बेन लागलं की त्याच्या पुढचं कुणी विचारत नाही. त्या बेनच्या आडोशाने तिने दोन वर्षं सुखाने काढली होती.

त्याआधी ती आणि नवरा सुरतेबाहेर कडोदऱ्याला राहत होते, तेव्हा भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि आठवड्याच्या आत घरमालकाला खोली भाच्यासाठी हवी झाली. त्याच्याही आधीच्या खोलीत सामायिक नळावरून जातीचं निघालं होतं. म्हणून या वेळी फोटो ट्रंकेतच राहिला. चाळीच्या मालकीण उषाबाई पाटील यांनी “कोणत्या समाजाचे?” म्हणून विचारलं, तेव्हा सुवर्णाचा नवरा राहुल हसून म्हणाला, “खानदेशी. तुमच्यातलेच.” उषाबाई अमळनेरकडच्या. गावाकडची बोली ऐकून त्या विरघळल्या, आडनाव विचारायचं राहून गेलं आणि त्यांनी किल्ली हातात दिली. पोराची शाळा त्याच गल्लीत मिळाली. माणसाला आणखी काय लागतं?

त्या उषाबाईंची सून गायत्री आता सुवर्णाच्या शेजारी, एकाच बाकावर बसली होती. तिनेच सुवर्णाला क्लासला ओढून आणलं होतं. साड्यांच्या ऑनलाइन दुकानात परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर इंग्लिश बोलायला बायका हव्या होत्या, आणि ते काम दोघींना मिळून धरायचं होतं. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

पहिल्या बाकापासून सुरुवात झाली. मिसेस पटेल, मिसेस वाघेला, मिसेस मिश्रा. बायका लाजत होत्या, हात मिळवताना फिदीफिदी हसत होत्या. सुवर्णा मात्र मनात आडनाव शोधत होती. पाटील म्हणावं, तर गायत्री लगेच विचारणार, कोणते पाटील, माहेर कोणतं, मामा कुठले. खानदेशात पाटील म्हणून कुणी सुटत नाही, उलट तिथूनच चौकशी सुरू होते. मग सोनवणे? सोनवणे सगळ्या जातींत सापडतात. सोनवणेच बरं. तिने ते दोनदा ओठांत घोळवलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिचे सासरे भुसावळला रेल्वेत होते, आणि त्यांनी जन्मभर आपलं आडनाव ताठ मानेने सांगितलं होतं.

त्यांच्या बाकाची पाळी आली. गायत्री उठली आणि “आय अ‍ॅम मिसेस पाटील,” म्हणत तिने हात पुढे केला. सुवर्णाने तो धरला. ओळखीचा, मऊ हात होता.

“आँख में देखो,” मॅडम म्हणाल्या.

सुवर्णाने पाहिलं. या डोळ्यांत बघून खोटं बोलणं काही तिला जमेना.

“आय अ‍ॅम मिसेस सुरवाडे.”

मॅडमना त्यात काहीच वाटलं नाही. पटेलबाईंना नाही, मिश्राबाईंनाही नाही. भुसावळकडचे सुरवाडे म्हणजे कोण, हे त्या अख्ख्या खोलीत एकाच बाईला कळणार होतं, आणि तिचा हात सुवर्णाच्या हातात होता. तो सैल पडला. पण तिने काढून घेतला नाही, कारण वाक्य म्हणायचं राहिलं होतं.

“नाइस टु मीट यू, मिसेस सुरवाडे,” गायत्री म्हणाली. ती कुठेही अडखळली नाही.

“एक्सलंट,” मॅडम म्हणाल्या आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

दोघी खाली बसल्या. गायत्रीने आपली पर्स उचलून दोघींच्या मध्ये ठेवली. मग हलक्या आवाजात अहिराणीत म्हणाली, “माले आधी सांगानं व्हतं ना, माय.”

“सांगितलं असतं तर खोली दिली असती?”

“औंदा कानबाईना रोट तुना हातना व्हतात,” गायत्री म्हणाली. श्रावणात उषाबाईंच्या घरी देवी बसली, तेव्हा नैवेद्याची कणीक सुवर्णाने मळली होती. “आते सासूबाईसले मी काय सांगू?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता, हेही तितकंच खरं. पदराने डोळे टिपून ती म्हणाली, “एवढा महिना ऱ्हाय. मंग दुसरी खोली देखी ले.”

मॅडमनी तोवर फळा पुसून पुढचा प्रश्न लिहिला होता. नाव सांगून झालं की ते लोक हेच विचारतात, असं समजावत त्यांनी वर्गावर नजर फिरवली. मघाशी टाळ्या मिळालेल्या बाकावर ती थांबली.

“चलो, मिसेस सुरवाडे,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “व्हेअर डू यू लिव्ह?”

सुवर्णा उभी राहिली. बाकी सगळ्या बायकांना उत्तर येत होतं.