दोन शब्दांची हाक

“आजीबाई, सहा वाजेपर्यंत वाट बघतो. मग तुझी ती जुनी रीत मुळासकट उपटणार,” मास्तर म्हणाले आणि तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

आजीबाईचं वय एकतीस. काही म्हणून टाकून देत नाही, यावरून ऑफिसने तिचं हे बारसं केलं होतं. मास्तर टीमचे प्रमुख. दुसऱ्याच्या कामातली चूक लाल रंगात दाखवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

त्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे एक हमाल. दवाखान्यांच्या कॉम्प्युटरवर लागेल तो माल कोठारातून आणून बसवायचा, एवढंच त्याचं काम. आजवर त्याला दोन शब्दांची हाक पुरायची: काय आणायचं, आणि कितवी आवृत्ती. आता कोठारं तीन झाली. एकाच नावाचा माल दोन ठिकाणी सापडू लागला. म्हणून तिसरा शब्द आला: कुठून आणायचं.

मास्तरांचा खाक्या सरळ होता. तिसरा शब्द नसेल तर हमालाने जागचं हलू नये. आजीबाईने तीन आठवडे खपून निराळंच केलं होतं. पहिले दोन शब्द जिथल्या तिथे ठेवले, तिसरा शेवटी जोडला. तो कुणी दिला नाही, तर हमालाने मुकाट्याने जुन्याच कोठारात जायचं, माल आणून द्यायचा आणि तिच्या स्क्रीनवर एक ओळ उमटवायची, की अमक्या ठिकाणाहून जुनी हाक आली.

हमालाची नवी आवृत्ती काल संध्याकाळी सहाला सगळीकडे पोचली होती. चोवीस तासांत एक जरी ओळ उमटली तर जुनी रीत राहील, नाहीतर तिचे तीन आठवडे पाण्यात, असं ठरलं होतं. स्क्रीन अजून कोरीच होती.

“दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांना कळवलंय. सगळ्यांचं ‘बदललं’ म्हणून उत्तर आलंय,” मास्तर म्हणाले. “आता कोण गाढव दोन शब्दांवर अडून बसलंय?”

“उत्तर देणाऱ्यांनी बदललं, मास्तर. ज्याच्या वतीने पत्र घ्यायलाच कुणी उरलं नाही, त्याचं काय?”

“तुझा जीव भारी अडकतो गं जुन्यात!”

आपण केलेलं काम कुणाच्या दारातला दिवा विझवत नाही, एवढीच तिची मिजास होती. चहा गार झाला. शेजारच्यांनी बॅगा भरल्या, पण उठलं कुणीच नाही.

सहाला पाच कमी असताना ओळ उमटली.

हाक एका दवाखान्याच्या नवजात बाळांच्या वॉर्डातून होती. रोज संध्याकाळी पाळी बदलताना तिथला एक छोटासा प्रोग्रॅम औषधांच्या मात्रांचा ताजा तक्ता मागवून घेई. आज हमाल हलला नसता तर नर्सच्या हाती कालचाच तक्ता राहिला असता.

आजीबाईने दवाखान्यात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिथला कॉम्प्युटरवाला चक्रावला. “असलं काही आहे आमच्याकडे? थांबा हं, सापडलं. अहो, लिहिणारा केव्हाच सोडून गेलाय. रोज बिनबोभाट चालतं, म्हणून कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही.”

“प्रोग्रॅमच्या सुरुवातीला काय लिहिलंय, वाचा ना.”

त्याने मोठ्याने वाचलं. तारीख सोळा वर्षांपूर्वीची होती. तारखेपुढे लिहिणाऱ्याचं नाव, आडनावासकट.

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या.

“माझी पहिली नोकरी,” मास्तर पुटपुटले. मग हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली. “रोज चालतं म्हणाला ना तो? सोळा वर्षं?”

घड्याळात सहा वाजले. आजीबाईने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि चेहरा अगदी साधा करून विचारलं, “मग काय मास्तर, उपटू मुळासकट?”

“हात तर लावून बघ!”