स्वयंपाकघराजवळचं झाड

फांदीला टांगलेल्या दोरीच्या टोकाला बांधलेला लोखंडी नट जमिनीपासून अडीच बोटांवर होता. जानेवारीत, फांदी फळांनी लगडलेली असताना, तो चार बोटांवर होता. आता फळं उतरवून दोन महिने झाले होते. ओझं गेल्यावर फांदीनं वर यायला हवं होतं. ती आणखी खाली आली होती.

इव्हलिननं पाण्याच्या टाकीजवळच्या काळ्या दगडावर खडूनं तारीख आणि आकडा लिहिला. टाकीसाठी खणताना असे सात दगड निघाले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला राहवतंय कुठलं? तिनं एक दगड नखानं खरवडून पाहिला. काजळी होती. अंगणाच्या या कोपऱ्यात काजळी कुठून आली, हे काही तिला उमगलं नव्हतं.

"दोरी मोजून काय होणार, मिस इव्ही?" कुंपणापलीकडून शेजारच्या मास एगबर्टनी विचारलं. "फांदी माझ्या पत्र्यांवर आहे. वादळ काय दोरी बघून येतं?"

"बरोबर आहे तुमचं," इव्हलिन म्हणाली. "फांदी धोक्याची आहे. पण झाड ठणठणीत आहे. बुंधा मी सगळीकडून ठोकून पाहिलाय. कुठंही पोकळ नाही."

"मग काप ना फांदी! सहा वर्षं ऐकतोय मी हे."

तेवढ्यात नगरपालिकेचे अधिकारी ग्रँडिसन फाटक ढकलून आत आले. त्यांच्या हातात एकच कागद होता.

"मिस, घर तुमच्या नावावर. बुंधा तुमच्या जागेत. म्हणजे झाडाची जबाबदारी तुमची. परवा वादळांचा मोसम सुरू होतोय. आज तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर उद्या आमची माणसं येतील. ती फांद्या छाटत बसत नाहीत. बुंध्यापासून कापतात."

"घर माझं आहे," इव्हलिन हळूच म्हणाली. "झाड माझ्या भावाचं आहे."

ग्रँडिसननी नाइलाजानं मान हलवली. तेही इथलेच, हॅनोव्हर परगण्यातलेच होते; इथली रीत त्यांना ठाऊक होती. मूल जन्मलं की त्याची नाळ अंगणात पुरायची आणि वर रोप लावायचं. ते झाड त्या मुलाचं. कागद काहीही म्हणो, दुसऱ्याच्या नाळेच्या झाडाला त्याला न विचारता कुऱ्हाड लावायची नाही.

इव्हलिन अगदी लहान असताना आई सांगायची, स्वयंपाकघराजवळचं नीरफणसाचं झाड विल्टनचं, पलीकडच्या अंगाचं इव्हीचं. इव्हलिन चार वर्षांची असताना गिल्बर्ट नावाचं मोठं वादळ आलं आणि पलीकडचं झाड मुळासकट गेलं. भावाचं राहिलं, आपलं गेलं, हे तिनं मुकाट्यानं पत्करलं. विल्टन बर्मिंगहॅमला गेल्यावर त्याचं झाड तिनंच सांभाळलं. निखाऱ्यांवर नीरफणस भाजला की पहिली फोड ती त्याच्या नावानं बाजूला ठेवायची. दरवर्षी फोनवर विचारायची, "फांदीचं काय करू?" दरवर्षी एकच उत्तर यायचं, "तुला योग्य वाटेल ते कर." अंग काढून घ्यायला त्याला बरं जमायचं.

"लाव त्या साहेबाला फोन," मास एगबर्ट म्हणाले. "आम्हालाही ऐकू दे. त्याची नाळ माझं छप्पर धरून ठेवणार आहे का, विचार त्याला."

तिनं फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"विल्टन, आज टाळायचं नाही. तुझं झाड मुळापासून जाईल. नगरपालिकेचे साहेब दारात उभे आहेत."

"माझं झाड?" विल्टन गोंधळला. "इव्ही, माझं झाड गिल्बर्ट वादळात गेलं की."

"ते माझं. तुझं स्वयंपाकघराजवळचं."

"हो, स्वयंपाकघराजवळचंच. पण त्या वादळानं आधी स्वयंपाकघर उडवलं, मग माझं झाड आडवं केलं! नवं स्वयंपाकघर बाबांनी तुझ्या झाडाच्या अंगाला बांधलं. जुनं होतं पूर्वेला, आता तुझी टाकी आहे ना, तिथं. तू एवढीशी होतीस, तुला कुठून आठवणार?" तो हसायला लागला. "वेडे, तुझ्या झाडाचं काय करायचं, हे मी इथं बसून कसं सांगू? म्हणून तर म्हणायचो, तुला योग्य वाटेल ते कर."

इव्हलिननं टाकीकडे पाहिलं. काळ्या दगडांकडे पाहिलं. चूल होती ती.

मास एगबर्टनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. इव्हलिन झाडापाशी गेली. इतकी वर्षं जे खोड ती परक्याच्या वस्तूसारखं जपून ठोकत आली होती, त्यावर तिनं अख्खा तळवा टेकवला.

"मिस," ग्रँडिसननी पेन उघडलं. "मालक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"माझं," इव्हलिन म्हणाली. तिचा आवाज कुंपणापलीकडे सहज पोचला. "आणि पुढं लिहा. फांदी आज उतरणार, मी समोर उभी राहून उतरवून घेणार. झाड राहणार."