ऑस्टिनची वाटणी

महाल भागातल्या घराची वाटणी झाली, तशी वडिलांच्या जुन्या ऑस्टिन गाडीचीही झाली. इंजिन रुपरावांना, उरलेली गाडी धाकट्या ताराचंदला. तेव्हापासून शेजारी राहूनही दोघांचं बोलणं बंद.

रुपरावांनी इंजिन खोललं, एकेक पार्ट रॉकेलमध्ये घासून चकचकीत केला आणि सगळं एका मिस्त्रीला विकून टाकलं.

"कोणाले पाह्यजे एवढं जुनं इंजिन?"

"आहे एक मालक. भल्ली घाई करून राहिले, भाऊ."

पुढच्याच आठवड्यात ताराचंदनेही उरलेली गाडी त्याच मिस्त्रीला विकली.

भाऊबीजेला दारात ओळखीचा भोंगा वाजला. रुपराव सायकलच्या चेनीने काळ्या झालेल्या हातांनी धावले, ताराचंद अर्ध्या दाढीवर. अख्खी ऑस्टिन धडधडत उभी होती. स्टिअरिंगवर कौसल्या, वाटणीत काहीच न मागितलेली बहीण.

"बसा गा दोघंही. पुढच्या सीटसाठी भांडसान, तं इथंच उतरवीन."